वाकडा पत्ता

तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तुम्हाला खोलीच्या मधोमध उभं केलं. कुणीतरी टाळी वाजवली. टाळी कुठल्या बाजूने आली, हे तुम्ही बोटाने दाखवाल. पण वाजवणारा दोन पावलांवर आहे की दहा, हे सांगता येईल का?

हे कोडं आबांनी मला घातलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आंधळी कोशिंबीर खेळण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. "हात्तिच्या! त्यात काय एवढं?" असं म्हणून मी धावले आणि सरळ कपाटावर आपटले. आता माझी साठी उलटली, पण ते टेंगूळ आठवलं की अजून हसू येतं.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, डॉ. हेमंत तिरोडकर. मूळचे वेंगुर्ल्याचे. समुद्रातल्या आवाजांचे शास्त्रज्ञ. २०४१ सालच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे मिनिकॉयला राहायला गेले होते. मिनिकॉय हे लक्षद्वीपचं अगदी दक्षिणेकडचं बेट. तिथून भारताचा किनारा लांब आणि मालदीव जवळ. बेटावरच्या लोकांची भाषाही मालदीवच्या लोकांसारखीच. काय सुंदर दिवस होते ते! सकाळी नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि दिवसभर खदीजाबरोबर उंडारणं. खदीजा शेजारच्याच घरातली. तिचे बाबा मूसाकाका ट्यूना मासे पकडायला बोट घेऊन जात आणि संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून आबांबरोबर चहा पीत.

आबांचं काम एका श्रवणकेंद्रात (दूरचे आवाज ऐकण्याच्या ठिकाणी) होतं, ते म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. त्यांचा जलकर्ण (पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र) बेटापासून थोडा दूर, समुद्राच्या तळाशी बसवलेला होता. वर एक पिवळं तरंगतं पिंप बांधलेलं. दर दोन दिवसांनी भल्या सकाळी आम्ही छोट्या बोटीतून जाऊन त्या पिंपावरचं शेवाळ खरवडायचो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि शेकडो किलोमीटर जातो. त्यामुळे तिथे बसून आबांना देवमाशांची गाणी ऐकू येत. मलाही ऐकवत.

पण त्या वर्षी समुद्रात एक पीडा आली होती. बिनमाणसाची, आपली आपण चालणारी एक पाणबुडी. ती कुणी सोडली होती, कुणालाच ठाऊक नव्हतं. बोटीच्या इंजिनाचा आवाज आला की ती खालून येऊन धडक द्यायची. आबा तिला 'घूस' म्हणत. घुशीने भारताची बोट फोडली, मालदीवच्या दोन फोडल्या, श्रीलंकेची एक. माणसं कशीबशी वाचली. हिला कसला देश नि कसली सीमा!

आणि मग एका मंगळवारी मूसाकाकांची बोट घुशीच्या तावडीत सापडली. त्यांच्याबरोबर मालदीवच्याही चार बोटी होत्या. रेडिओवरून सगळ्यांना सांगितलं, इंजिनं बंद करा आणि गप्प राहा. ते गप्प राहिले. पण इंजिन चालू केलं की घूस येणार, आणि नाही केलं तर प्यायचं पाणी संपणार. शुक्रवार उजाडला तेव्हा बोटींवर जेमतेम एका दिवसाचं पाणी उरलं होतं. खदीजा आमच्या पायरीवर बसून होती. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. मला मात्र रडू आवरत नव्हतं.

जाळं टाकणारं एक मोठं जहाज तयार होतं. पण ते जाळं जेमतेम दोन किलोमीटर पाणी झाकणार. आणि जाळं एकदा हुकलं की घूस सावध होऊन खोल दडी मारणार. म्हणजे संधी एकच. घूस नेमकी कुठे आहे, ते आधी कळायला हवं.

आबांनी भिंतीवरच्या नकाशाजवळ मला ओढलं. स्वतःचा धीर सुटू नये म्हणून ते बहुतेक मला शिकवत असावेत.

"ओवे, टाळीचं कोडं आठवतंय? आपल्या जलकर्णाला घुशीची फक्त दिशा कळते, अंतर नाही." त्यांनी आमच्या जलकर्णाच्या टाचणीला लाल दोरा बांधून त्या दिशेला ताणला. "ती या दोऱ्यावर कुठेतरी आहे. पण कुठे?"

"कुठेही!"

"बरोबर. आता मालदीवच्या जलकर्णानेही तिला ऐकलंय, वेगळ्या जागेवरून. हा त्यांचा दोरा. दोन्ही दोरे एकमेकांना छेदतात, तिथे घूस!"

"मग झालं की काम! जहाज पाठवा."

"थांब, उतावळे. दोन दोरे कुठेतरी छेदणारच. माझं चुकलेलं असलं तरी छेदतील, त्यांचं चुकलेलं असलं तरी छेदतील. चूक झालीय हे दोघांनाही कळणार नाही. म्हणून तिसरा दोरा हवा, साक्षीदारासारखा. तिघेही बरोबर असतील तर तीनही दोरे एकाच ठिकाणी भेटतात."

तिसरा दोरा श्रीलंकेचा. त्यांचा जलकर्ण त्यांच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर होता. आबांनी तोही ताणला. तिन्ही दोरे एका ठिकाणी काही भेटले नाहीत. मधे एक त्रिकोण झाला, वीस किलोमीटरचा.

"याला चूक-त्रिकोण म्हणतात," आबा म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "तो जितका मोठा, तितकी कुणाची तरी चूक मोठी."

पडद्यावर बाकी दोन केंद्रं हजर होती. मालदीवचे यूसुफ दीदी, चांगले मिशाळ गृहस्थ. त्यांचं आडनाव दीदी आहे हे कळलं तेव्हा मी हसून हसून लोळले होते. आणि श्रीलंकेच्या डॉ. समंती, काटेकोर, चष्मेवाल्या. तिघांनाही इंग्रजी येत होतं. पण नियम असा, की बैठकीत प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलायचं, म्हणजे मागाहून 'तसं म्हणायचं नव्हतं' असं म्हणायला जागा नको. मग मधे दुभाषी यंत्रमानव. आमच्या यंत्रमानवाचं नाव पोपटराव. डोक्यावरचा दिवा हिरवा असला की खोलीत जे बोललं जाईल ते पोपटराव बाकीच्या दोन भाषांत करून टाकायचा, अगदी शिंकेसकट.

"आमची मोजणी अचूक आहे," डॉ. समंती म्हणाल्या.

"आमचीही," यूसुफ दीदी म्हणाले.

"आमचीही," आबा म्हणाले. ते नकाशाकडे बघत नव्हते.

मी मात्र बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं.

"आबा, आपली टाचणी चुकलीय!" मी ओरडलेच. "ती बेटाच्या पूर्वेला आहे. आपण पिंप घासायला जातो तेव्हा उगवता सूर्य आपल्या पाठीशी असतो. म्हणजे आपण पश्चिमेला जातो. आपला जलकर्ण पश्चिमेला आहे!"

पोपटरावाच्या डोक्यावरचा दिवा हिरवा होता. त्याने माझं वाक्य मोठ्या आवाजात, स्वच्छ उच्चारात, आधी मालदीवच्या भाषेत सांगितलं आणि मग सिंहलीत.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मला काय ठाऊक, की शेजाऱ्यांना आपल्या जलकर्णाचा पत्ता देताना तो थोडा वाकडा द्यायचा, असा वरून हुकूमच होता! न जाणो, उद्या भांडण झालं तर? आबांनी आपल्या हाताने ती टाचणी नऊ किलोमीटर सरकवून लावली होती. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं. मदत तर हवी, पण भांडं दाखवायचं नाही.

'पोर लहान आहे, काहीतरी बरळते,' असं आबा म्हणू शकले असते. ते दारातून दिसणाऱ्या खदीजाकडे बघत राहिले. मग उठले, टाचणी उपटली आणि खऱ्या जागी रोवली.

"मुलगी खरं बोलते आहे," ते म्हणाले. "पत्ता मी वाकडा दिला होता. हा खरा."

पोपटरावाने तेही सांगितलं.

यूसुफ दीदी मिशीत हसले आणि त्यांनी आपल्या नकाशावरची टाचणी सरकवली, चांगली सहा किलोमीटर. त्यांनाही तोच हुकूम होता! राहिल्या डॉ. समंती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला वरून परवानगी नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळे मी काहीही बोलणार नाही." आणि एक शब्दही न बोलता त्यांनी आपली टाचणी उचलून दुसरीकडे लावली.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा तिघांचाही खाक्या! आबांनी आमच्या नकाशावरही त्या दोन टाचण्या हलवल्या आणि दोरे पुन्हा ताणले. तिन्ही एका ठिकाणी भेटले. तिथे माझी करंगळी मावली नसती.

दुपारी जहाजाने नेमकं तिथे जाळं टाकलं आणि घूस अडकली. संध्याकाळी पाचही बोटी इंजिनं चालू करून परतल्या. मूसाकाकांचे ओठ फाटले होते. खदीजा पाण्यात कमरेइतकी आत धावत गेली, मागोमाग मी.

आठव्या दिवशी आबांना पत्र आलं. गुप्त माहिती उघड केल्याबद्दल त्यांना केंद्रावरून काढलं होतं. निघताना अख्खं गाव धक्क्यावर आलं होतं. जहाज सुटल्यावर मी हमसून हमसून रडले. "आबा, माझ्यामुळे झालं. मी तोंड बंद ठेवलं असतं तर..."

आबा म्हणाले, "ओवे, मी ती टाचणी तीन दिवस बघत होतो. हलवायला एक क्षण लागला असता. मूसा रोज माझ्या पायरीवर चहा पितो. तरी माझा हात उठला नाही. तू बोलली नसतीस तर मी बोललो असतो का? मला खरंच माहीत नाही, पोरी." त्यांचे डोळे भरून आले. "शेजाऱ्यांशी करार कशाला करायचे असतात, ठाऊक आहे? माझ्यासारख्या भित्र्या माणसालाही खरं बोलता यावं म्हणून."

तसा करार व्हायला आणखी चार वर्षं लागली. पहिलंच कलम असं: प्रत्येक देश आपल्या जलकर्णाचा खरा पत्ता सगळ्यांना देईल. आबांना समारंभाचं बोलावणं नव्हतं. त्यांनी घरी बसून तो कागद वाचला, तीनदा वाचला. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्या करारातून उभ्या राहिलेल्या संयुक्त केंद्रात मी तीस वर्षं काम करतेय. आता आम्ही आठ देश आहोत. चाचे असोत, वादळं असोत की भरकटलेली तेलवाहू जहाजं, सगळे मिळून ऐकतो. गेल्या सोमवारी नववा देश आला. त्यांच्या केंद्रातला एक तरुण अधिकारी सकाळी सकाळी पडद्यावर आला आणि त्याने आपल्या नव्या जलकर्णाचा पत्ता वाचून दाखवला, अक्षांश-रेखांशांसह, अगदी मीटरपर्यंत. ना कुणाला विचारलं, ना त्याला घाम फुटला. वाचता वाचता त्याने मोठ्ठी जांभई दिली आणि वर "सॉरी, रात्रपाळी होती" असंही म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सगळे गोंधळले. त्यांना काय सांगू? आबा हवे होते, ती जांभई ऐकायला.