थंड पाण्यावर ऊन पाणी

भात कापून, झोडून कोठारात गेलं त्या आठवड्यात तोमेकिचीला युनोसावाहून कार्ड आलं. तिथल्या ऊन झऱ्याच्या बिऱ्हाडघराची मालकीण फुसा. तिनं लिहिलं होतं, कियोमावशींचं सामान आमच्या फडताळात तसंच पडून आहे. गोधडी, भांडं, बादली. न्यायचं असेल तर मोठं बर्फ पडायच्या आत या.

कियो त्याची बायको. मागल्या थंडीत गेली.

सामान आणायचं, एवढंच काम. सकाळची बस घाटाखाली सोडते, तिथून दीड कोस चढ. तोमेकिची चौऱ्याहत्तर वर्षांचा. गुडघे कुरकुरत होते आणि तो गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरत होता. एकतीस वर्षं कियो हा चढ चढली, पाठीवर तांदूळ आणि मिसोचा, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, डबा बांधून. कापणी झाली की दहा दिवस. वर्षभर चिखलात वाकलेली कंबर त्या पाण्यात सरळ होते म्हणतात. तो कधी आला नाही. बैलाला कोण बघणार? पुढं बैल गेला, यंत्र आलं, तरी आला नाही. यंत्राला वैरण लागत नाही असं कियो एकदा म्हणालीही होती.

खरं म्हणजे त्याला त्या पाण्याचा राग होता. तिथून परत यायची ती कियो वीस वर्षांनी लहान होऊन यायची. गालांवर लाली, तोंडात कसलंसं गाणं. चार दिवस चुलीपाशी गुणगुणायची. मग गाणं आटायचं, आणि तोमेकिचीला बरं वाटायचं. वाईट माणूस नव्हता तो, पण असा होता.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

कियोला शेवटची आंघोळ त्यानंच घातली. रीतीप्रमाणं बादलीत आधी थंड पाणी घेतलं आणि त्यावर ऊन पाणी ओतलं. जित्याचं पाणी याच्या उलट, आधी ऊन, मग थंड. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला कुशीवर वळवलं आणि त्याचा हात थांबला. कियोचा उजवा खांदा दहा वर्षं आखडलेला. केस बांधायला हात वर जात नसे, मग पाठीला कुठून पोचणार? आणि पाठ कशी, तर सोललेल्या उकडल्या अंड्यासारखी. कुणीतरी वर्षानुवर्षं मायेनं चोळल्यासारखी.

त्यानं कधी चोळली नव्हती. लग्नानंतर तिनं एकदाच म्हटलं होतं, "अहो, जरा पाठ चोळता का?" तो म्हणाला होता, "मला दुसरी कामं नाहीत?" तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग कुणी चोळली? हा काटा घेऊन तो नऊ महिने जेवत होता, झोपत होता आणि शेत करत होता.

फुसा पन्नाशीची, अंगानं भरलेली. ओसरीत मुळे बांधून टांगत होती. मुळे बाजूला सारून तिनं फडताळ उघडलं. गोधडी निघाली, काळं पडलेलं भांडं निघालं, बुडाशी कियोचं नाव कोरलेली लाकडी बादली निघाली. सगळ्यात मागं वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन वाडगे होते. एक लहान, एक मोठा. दोन्हींवर तीच निळ्या गवताची नक्षी. लग्नात नवराबायकोला देतात तसली जोडी.

"मोठा कुणाचा?"

"तुमचाच की, काका."

"मी इथं जन्मात पाऊल टाकलेलं नाही."

"ते दिसतंच आहे," फुसा हसली. "पण मावशी रोज दोन्ही वाडगे वाढायच्या. आम्ही चिडवायचो, कुणासाठी गं हे? तर म्हणायच्या, आमच्या माणसासाठी."

"आणि त्यातला भात कोण गिळायचं?"

फुसानं एक मुळा उचलला आणि परत खाली ठेवला. "ते कुणी बघितलं नाही. पण वाडगा धुवायला यायचा तो रिकामाच यायचा हो."

परतीची बस चारला होती. तोमेकिची गोधडीवर बसून राहिला. चार वाजले, बस गेली असणार. "आजचा दिवस राहतो," तो म्हणाला. कुणाशी भांडायला आल्यासारखा म्हणाला.

तिथला हौद दगडी, वर लाकडी छप्पर, तीन बाजूंना फळ्यांची भिंत. बायापुरुष एकाच हौदात उतरतात. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं, गळ्याखालचं काही दिसत नाही, आणि तिथं येणाऱ्यांचं बघण्यासारखं काही उरलेलंही नसतं. गंधकाचा वास नाकात बसतो तो बसतोच. वाफ इतकी दाट की पलीकडचा माणूस खोकला तरच आहे असं कळतं.

हौदात उतरण्याआधी पाठी चोळायच्या, ही तिथली जुनी रीत. सगळे लाकडी पाटांवर एका रांगेत बसतात आणि प्रत्येक जण पुढच्याची पाठ चोळतो. मग रांगेत जो सगळ्यात म्हातारा तो म्हणतो, "फिरा." सगळे उलटे वळतात. ज्यानं आपली चोळली त्याची आता आपण चोळायची. फिटंफाट.

त्या संध्याकाळी रांगेत सात जण होते. तोमेकिचीच्या मागं गेंझो नावाचा कातारी बसला होता. लाकडी बाहुल्या कातायचा. वय सत्तर, दात चार, तोंड अखंड चालू.

"तुम्ही कियोवहिनींचे मालक? वा, वा. फार हसऱ्या होत्या वहिनी."

वहिनी, म्हणे. याला नातं कुणी जोडून दिलं? आणि हसरी? घरी ती कधी हसली होती, ते तोमेकिचीला आठवेना. त्याचाच त्याला जास्त राग आला.

"दादा, पाठीवर हे काय?" गेंझोचा अंगठा डाव्या खवाट्याखाली थांबला. "अगदी वांग्याचा देठ चिकटवल्यासारखं आहे. पाच टोकं. एक तुटकं."

"बैलानं शिंग मारलं होतं. तिशीत."

"तुम्ही बघितलंय कधी?"

"पाठ आपली आपल्याला दिसते होय?"

जखम भरेपर्यंत कियो तिथं मलम लावायची. ते मलम लावणारे हात इथं दुसऱ्याला... तोमेकिचीनं दात आवळले आणि सरळ विचारलं. "तिची पाठ तू चोळायचास?"

मागचा हात थांबला. मग गेंझो हळू म्हणाला, "भांडण करू नका, दादा. चोळली असती, रीतच आहे. पण चोळू दिली नाही त्यांनी. त्यांची जागा रांगेच्या टोकाला, त्या फळीला पाठ लावून. पुढं मी. फिरा म्हटलं की मी वळायचो, तर त्या म्हणायच्या, माझी झाली. आणि खरंच झालेली असायची. लालबुंद, साबणाच्या फेसासकट."

"कुणी केली?"

"मागं तर फळीच होती..." गेंझो म्हणाला. "आम्ही विचारायचो. म्हणायच्या, आमच्या माणसानं."

रात्री तोमेकिची कियोच्या गोधडीत पडला. तिला गंधकाचा वास होता, आणि त्याखाली तिच्या केसांच्या तेलाचा. खोटारडा आहे हा कातारी, त्यानं ठरवलं. चार दातांचा खोटारडा. उद्या मी त्या टोकाला बसतो आणि बघतो.

सकाळी बर्फ भुरभुरत होतं. उजेड पांढरा, वाफ पांढरी, पाणी पांढरं. तोमेकिचीनं टोकाचा पाट धरला. पाठीमागं फळी, मधे जेमतेम वीतभर जागा. पुढं गेंझो. त्यानं कियोची बादली घेतली. भिंतीतून दोन पन्हळी येतात, एक झऱ्याची, हात पोळेल अशी, दुसरी ओढ्याची, बर्फाची. तो गेंझोच्या पाठीकडं डोळे लावून होता. बादली भरली, अंगावर घेतली, तेव्हा पलीकडून यासुआजी बोलली. नव्वदीची, पण नजर तीक्ष्ण.

"बाबा, उलटं केलंस. आधी थंड भरलंस."

तोमेकिचीनं बादलीकडं बघितलं. खरंच होतं. हातानं कियोची शेवटची बादली जशी भरली होती, तशीच ही भरली होती.

"उरलेलं ओतून टाक," आजी म्हणाली. "तुझ्या बायकोनंही पहिल्या साली हेच केलं होतं. सासूला शेवटचं न्हाऊ घालून थेट इथं आली होती. हाताला सवय लागते. मी म्हटलं तिला, ओतून टाक बाई. तिनं अंगावर घेऊन टाकलं होतं तोवर."

पाणी तोमेकिचीच्या खांद्यांवरून निथळत होतं.

रांग सुरू झाली. तो गेंझोची पाठ चोळू लागला, जरा जोरातच. हळूहळू बोलणी विरली. नुसता पंच्यांचा खसखस आवाज आणि पन्हळींची धार. मग त्याच्या लक्षात आलं की खसखस आपल्या मागूनही येते आहे.

त्याच्या पाठीवर पंचा फिरत होता.

आधी खांदे. मग कणा, वरून खाली. मग डाव्या खवाट्याखाली, त्या वणाभोवती गोल, अगदी हलके, मलम लावावं तसे. केसांच्या तेलाचा वास आला. मागं वीतभर जागा होती. वीतभर जागेत माणूस मावत नाही.

"कियो..."

"अहो, हलू नका."

तो हलला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत त्यानं कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाफेनं असेल.

"फिरा," यासुआजी म्हणाली.

तोमेकिची पाटावर वळला. समोर फळी असायला हवी होती. फळी नव्हती. नुसती वाफ होती, खोल, आणि वाफेत हातभर अंतरावर कियोची पाठ. त्यानं पंचा टेकवला. कातडी वरून ऊन होती, आत थंड. तरी तो चोळत राहिला. खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश, पन्नास वर्षांची बाकी राहिलेली पाठ. त्याला वाटलं, हे एवढंच तर होतं. एवढंच मागितलं होतं हिनं.

मग त्याला तिचा उजवा खांदा दिसला. आखडलेला खांदा मजेत वरखाली होत होता. तीही कुणाची तरी पाठ चोळत होती. आणि गुणगुणत होती. तेच गाणं.

तिच्या पुढं एक पुरुष बसला होता.

"कोण आहे तो?"

ती चोळत राहिली.

"कियो, कोण आहे तो?"

"आमचा माणूस आहे," ती लाडात म्हणाली. हा आवाज तिनं घरी कधी काढला नव्हता.

भीती त्याला नंतर वाटली. आधी संताप आला. तो बाजूला वाकला. रुंद पाठ, फेसानं माखलेली. कियोनं वरून पाणी ओतलं, फेस उतरला. डाव्या खवाट्याखाली वांग्याचा देठ होता. त्यानं टोकं मोजली. पाच... एक तुटकं.

त्या माणसाच्या पुढंही रांग होती. पाठीमागं पाठ, वाफेत लांबवर. आणि तिकडून, जिथं बाहेर नुसता कडा आणि बर्फ आहे तिथून, कुणीतरी म्हणालं, "फिरा."

एका आंघोळीत दोनदा कधी फिरत नाहीत. कियोच्या मानेची शीर हलली. तो माणूस वळू लागला...

"दादा. दादा, अहो काय करताय?"

गेंझोनं त्याचा दंड धरला होता. तोमेकिची फळीला तोंड करून बसला होता आणि फळी चोळत होता. वर्षानुवर्षांच्या काळ्या ओल्या फळीवर माणसाच्या पाठीएवढा तुकडा पांढरास्वच्छ निघाला होता.

"बसा नीट. तुमची राहिली आहे, मी चोळतो," गेंझो म्हणाला. त्याचा हात खांद्यावरून खाली आला, डाव्या खवाट्याखाली थांबला, उजवीकडं गेला, परत आला. अखंड चालणारं ते तोंड बंद झालं, तेव्हा तोमेकिचीला थंडी वाजली.

"काय झालं?"

"काल होतं की इथं..." गेंझो म्हणाला. "आजी, तुम्ही बघा बरं. काल होतं ना?"

यासुआजी सरकत आली. तिनं बघितलं, आणि बादलीतलं पाणी ओतून देऊन उठून गेली.

तोमेकिचीनं अंग न पुसताच कपडे चढवले. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. एकतीस वर्षं तो चिखल तुडवत होता आणि इथं तो दुसरा त्याचं नाव, त्याचा वण, त्याची बायको घेऊन ऊन पाण्यात बसला होता. गाणं त्याला, हसू त्याला. तो मोठा वाडगा आधी फोडायचा, मग पुढचं पुढं. ओल्या पायांनी तो ओसरीत आला. फडताळ उघडं होतं. वर्तमानपत्र नुसतं पडलं होतं.

"वाडगे कुठं आहेत?"

चुलीपाशी बसलेल्या फुसानं वळून बघितलं. आधी ती हसली. मग त्याच्या ओल्या केसांकडं बघून तिचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

"असं काय करता, काका? मघाशी तुम्हीच नाही का दोन्ही भरून घेऊन गेलात? गरम भात, वर मुळ्याचं लोणचं. मी म्हटलंसुद्धा, आज स्वारी खुशीत आहे, गुणगुणताय..."

सकाळपासून तोमेकिचीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.