अकराला दहा कमी

माझं काम ऐकायचं. लोक बोलतात, मी टाइप करते. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. टाचेने दाबलं की आवाज तीन सेकंद मागे जातो, पंजाने दाबलं की पुढे सरकतो. नियम एकच, जे ऐकू येईल तेच लिहायचं. माणूस अडखळला तर अडखळणं लिहायचं, शब्द कळला नाही तर कंसात 'अस्पष्ट'. अंदाजाने एक अक्षर भरायचं नाही. एकोणीस वर्षांत मी ते भरलेलं नाही. प्रत्येक पानाखाली माझी सही असते आणि सहीशिवाय पान छापायला जात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही.

पूल पडला त्याला यंदा पंचवीस वर्षं होणार होती. आमच्या अभिलेखागाराने एक फोन नंबर जाहीर केला. त्या मंगळवारी, अकराला दहा कमी असताना, तुम्ही कुठे होता? तीन मिनिटांत सांगा. त्यातल्या निवडक आठवणींचं पुस्तक निघणार होतं. चार महिन्यांत देशभरातून नऊशेवर फोन आले.

त्या वयाचा एकही माणूस नसेल ज्याला तो दिवस आठवत नाही. पण आठवतं काय, तर भलतंच. एकीचं दूध उतू गेलं होतं. एका गृहस्थांची दाढी अर्धी झाली होती, ते तसेच साबण लावलेल्या गालाने संध्याकाळपर्यंत रेडिओपुढे बसले. एका शिक्षिकेला त्या क्षणी तपासत असलेल्या पेपराचे मार्क आठवत होते, बावीस. एकशे शहाऐंशी माणसं नदीत गेली आणि देशाने धरून ठेवलं ते असं. मला त्याचा राग कधी आला नाही. माणूस जिथे उभा असेल तिथलंच काहीतरी हाताला लागतं.

शिंप्याचा फोन तिसऱ्या आठवड्यातला. आवाज कोरडा, गाव देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं.

"कात्री हातात होती," तो सांगत होता. "रेडिओवरचं गाणं मध्येच तुटलं. तेवढ्यात दुकानात एक मुलगी आली. केसांवर, खांद्यांवर पांढरी भुकटी. मला वाटलं, पिठाच्या गिरणीतून आली. म्हणाली, काका, पलीकडे कसं जायचं? एकला दुकान बंद होईल, म्हणाली. मी म्हटलं, कशाच्या पलीकडे? आमच्या गावाला नदीच नाही, बाई. ती निघून गेली. मग रेडिओवर बातमी सांगितली."

मी टाइप केलं, सही केली, पुढचा फोन घेतला.

अकरा दिवसांनी एक नर्स. वॉर्डात औषधं वाटत असताना दारात एक मुलगी उभी होती, अंगावर चुन्यासारखं काहीतरी. 'सिस्टर, पलीकडे कसं जायचं?' नर्सने तिला समोरची इमारत दाखवली. मुलगी म्हणाली, 'ते नाही.'

मग एक भांड्यांचा दुकानदार. मग एका शाळेचा शिपाई. गावं वेगळी, एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब. वेळ तीच. मी एक वही केली. पेन्सिलीने गाव, धंदा आणि तिचं वाक्य लिहीत गेले. वाक्य बदलत नव्हतं.

वहीतला नववा फोन टपाल खात्यातल्या निवृत्त कारकुनाचा होता. "तिच्या हातात पिवळी चिठ्ठी होती," ते म्हणाले. "मला पत्ते वाचायची सवय. म्हटलं, दाखव, कुठे जायचंय. पण पत्ता नव्हताच. नुसतं लिहिलं होतं, डावा पावणेतीन, उजवा सव्वादोन."

मी टाच दाबली. पुन्हा ऐकलं. पुन्हा दाबली. मग हेडफोन काढून ठेवले आणि उठून खिडकी उघडली.

तेराव्या वर्षी माझ्या चष्म्याचे नंबर तेच होते.

माझी ताई बावीस वर्षांची होती. त्या मंगळवारी सव्वादहाला ती माझा पहिला चष्मा आणायला निघाली. दुकान नदीपलीकडे होतं आणि जेवणाच्या सुट्टीसाठी एकला बंद व्हायचं. मला ताप होता म्हणून मी घरी होते. "दुपारपासून तू ढापणी," असं चिडवून ती जिना उतरली. मी रागाने तिच्याकडे पाठ करून झोपले. ती परत आली नाही.

पण मृतांच्या यादीत तिचं नाव नाही. कारण त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला होता. आत्या राहायची दहा तासांच्या रेल्वेप्रवासावर. ती बाबांना म्हणाली, "पोरगी इथे आहे. माझ्या दारात येऊन गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली." त्याच आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतला कंपाउंडर नोकरी सोडून गेला होता. लोकांनी दोघांचं सूत जुळवून टाकलं. बाबा नदीकाठच्या नोंदणीच्या तंबूत गेलेच नाहीत. मी सगळ्यांना सांगत होते, ती माझा चष्मा आणायला गेली, ती पुलावरच होती. सगळे म्हणायचे, धाकटी मोठीला पाठीशी घालते. आई तोंड लपवून जगली आणि तशीच गेली. आत्या खोटं बोलली हे मला ठाऊक होतं. मी तिच्याशी पंचवीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

अकरावा, सतरावा, बाविसावा. मी सगळ्यांना उलट फोन केले. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. ही गोष्ट कुठे वाचली, ऐकली, पाहिली होती का? नाही. आमचा आवाज साफ करणारा तंत्रज्ञ, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, त्याला मी तेवीस तुकडे सलग ऐकवले. त्याला फोनमधल्या आवाजावरून खोलीत किती माणसं आहेत तेही कळतं.

"खोटं बोलणारा माणूस शब्दाआधी श्वास धरतो," तो म्हणाला. "यातलं कोणी धरत नाही, बाई. आणखी एक. बोलणारे वेगवेगळे आहेत, पण तिचं वाक्य सांगताना सगळे एकाच जागी हेल काढतात. 'पलीकडे'वर."

ताई तशीच बोलायची.

पुस्तकाच्या संपादकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर ती तेवीस पानं वेगळी काढलेली होती. लाल पेनाने ताईची वाक्यं खोडलेली.

"हे गाळून पुन्हा टाइप करा. लोक ऐकीव गोष्टी आठवणी म्हणून सांगतात."

मी त्यांना सगळं सांगितलं. चष्मा, चिठ्ठी, यादी. म्हटलं, "एकशे सत्त्याऐंशीवं नाव तिचं आहे. ही तेवीस माणसं साक्षीदार."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. "बाई, नीट विचार करा. हे लोक काय सांगतात? त्या वेळी तुमची बहीण त्यांच्या गावात होती. म्हणजे ती पुलावर नव्हती, असंच झालं ना?"

मी ती तेवीस पानं उचलली. जिना उतरून मी जागेवर आले. तेवीस माणसांनी मिळून माझ्या ताईला पुन्हा एकदा पळून गेलेली ठरवलं होतं.

फोन घ्यायचा तो शेवटचा दिवस. ऐकायचा एकच आवाज उरला होता. मी पेडल दाबलं.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," म्हातारा आवाज म्हणाला. "मी त्या दिवशी घरात भाजी चिरत होते. दारात माझी भाची आली. अंगभर पांढरी माती. आत्या, पलीकडे कसं जायचं, म्हणाली. मला वाटलं, घरातून पळून आली, आता कोणा पोराकडे जायचा रस्ता विचारते. मी दार लावून घेतलं. त्या लावलेल्या दाराबद्दल सांगायचं होतं. बाकी काही नाही."

मी नंबर बघितला आणि फिरवला. पंचवीस वर्षांनी.

"आत्या, किती वाजले होते?"

तिने आवाज लगेच ओळखला. "दार लावलं आणि रेडिओवर पुलाचं सांगायला लागले."

"सव्वादहाला ती माझ्यासमोर होती. तू दहा तासांवर राहतेस."

"मला काय माहीत ती कधी निघाली? वेळ कोणी विचारलीच नाही, पोरी. आजवर कोणी विचारली नाही."

ती खोटं बोलली नव्हती. एवढी वर्षं मी तिच्यावर दात धरला, आणि ती खरंच बोलत होती.

त्या दुपारी मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले. कानसेनला म्हटलं, लाव. परवानगी आहे का, असं त्याने विचारलं नाही. काचेपलीकडचा लाल दिवा लागला.

मी सांगितलं की मी घरी होते. ताप होता. ताई जाताना मी तिच्याकडे पाठ केली होती. मग म्हणाले, "माझी ताई पळून गेली नाही. ती माझ्यासाठी निघाली होती. ती अजून रस्ता विचारते आहे आणि चोवीस जणांपैकी एकालाही तो सांगता आला नाही. तिला आता कोणी पत्ता सांगू नका. कोणी दारही लावू नका. मी जाते तिला घ्यायला."

तीन मिनिटं पुरी व्हायच्या आत माझं बोलून झालं. मी ते टाइप केलं आणि खाली सही केली.

मग चोवीस पानं आणि माझं पंचविसावं, जशीच्या तशी संपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"गाळलेली प्रत कुठे आहे?"

"नाही केली."

"मी दुसऱ्या कोणाकडून करून घेईन."

"घ्या. खाली सही माझी लागते. जे ऐकलं ते गाळून मी सही करणार नाही."

"नोकरीवर गदा येईल, बाई."

"येऊ द्या."

छपाईला आठ दिवस उरले होते. त्यांनी पानं पुढे ओढली. "पुस्तकात राहू द्या. पण नदीकाठच्या स्मारकाच्या दगडावर नाव यायचं नाही. तिथे माझं चालत नाही."

"तिथलं मी बघते."

स्मृतिदिनाला नदीकाठी खुर्च्या मांडल्या होत्या. एका अधिकाऱ्याने एकशे शहाऐंशी नावं वाचली. त्यानंतर दोन मिनिटं शांतता पाळायची होती. मी ती पाळली नाही. उभी राहिले आणि ताईचं पूर्ण नाव घेतलं, बाबांच्या नावासकट, नदीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. माना वळल्या. बिल्ला लावलेला एक माणूस वाकून जवळ आला. "बाई, खाली बसा."

"एकशे सत्त्याऐंशी," मी म्हटलं. "बसत नाही."

मागच्या रांगेतून कानसेन उठला. मग एक अनोळखी म्हातारा. मग आणखी कोणी कोणी. दोन मिनिटं आम्ही उभे होतो. बिल्लेवाला मध्येच उभा राहिला, त्यालाही परत जाता येईना.

फोन घेणं तेव्हा बंद झालेलं होतं. तरी पंधरा दिवसांनी शिंप्याचा फोन आला.

"मी सांगितलं होतं त्यात एक चूक झाली," तो म्हणाला. "दोघी होत्या."

मी पेन उचललं. "दुसरीने काय विचारलं?"

"काही नाही. तिला रस्ता माहीत असावा."

दुसऱ्या दिवशी नर्सचा. त्याच दुपारी टपालवाल्या कारकुनांचा. दोघी होत्या. आधी एकच कशी सांगितली, कोणालाच कळत नव्हतं. मी प्रत्येकाचं शब्दन्‌शब्द टाइप केलं. सही केली.

सोमवारी मी आत्याला फोन लावला.

"हो, दोघीच होत्या," ती म्हणाली. "मी दार लावलंच नव्हतं बघ. उगाच इतकी वर्षं जिवाला लावून घेतलं."

"दुसरी कोण होती, आत्या?"

"असं काय विचारतेस? तूच की. हाताला धरलं होतंस तिला."

"मी तेव्हा तेरा वर्षांची होते. तापाने घरी पडले होते."

"तेराची कसली, चांगली बाई होतीस." तिकडे भांडं सरकवल्याचा आवाज आला. "केस एवढे आखूड कशाला कापलेस? पण बरे दिसतात तुला."

पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. केस मी आदल्या दिवशी कापले होते.

"तेव्हाच म्हणणार होते," आत्या म्हणाली, "पण तुम्ही दोघी घाईत होतात."