आत कोण?

फळीवर एक संत्रं ठेवलेलं होतं. त्याच्या वर, वीतभर उंचीवर, एक जाड लोखंडी पट्टी हातासारखी उचललेली होती. पट्टीला खालून तोलून धरलं होतं ते एका जुन्या सायकलच्या पंपाने. पंपात हवा ठासून भरलेली. शेजारी हवा भरणारी छोटी मोटर, तिला बॅटरी, बॅटरीला खटका.

"हे पाहा, खटका बंद," दिवाकर गावंडे म्हणाले. मग त्यांनी बॅटरीच सोडवली आणि खिशात टाकली. "आता विजेचा थेंबही नाही. बरोबर? मिहू, घालशील पट्टीखाली बोट?"

"घालते की!" दहा वर्षांची त्यांची नात मिहिका पुढे झाली.

आजोबांनी तिचं मनगट धरलं. "आधी नुसतं बघ."

सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. पट्टी किंचित हलली, आणि मग धपकन खाली आली. संत्र्याचा चेंदामेंदा! रस उडाला तो थेट नितीनच्या नव्या सदऱ्यावर. नितीन म्हणजे कारखान्याचा मुकादम.

"अरे बाप्पा! आज लग्नाले जाचं होतं ना मले!" तो ओरडला, आणि जमलेली सगळी माणसं खो-खो हसली.

"वीज तर माझ्या खिशात आहे," दिवाकरराव खिसा थोपटत म्हणाले. "मग संत्रं चिरडलं कोणी?"

मिहिका तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून तिची आई पाहुण्यांना घेऊन आत आली आणि कोडं तिथंच राहिलं.

माणसं आणि यंत्रमानव एकाच छपराखाली काम करू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. वरुडच्या बाजूला, संत्र्यांच्या बागांमध्ये, मिहिकाच्या आईचा, म्हणजे ऋजुताचा, रसाचा कारखाना होता. तिथे लंबू होता. लंबू म्हणजे एकच एक प्रचंड हात, पण बोलणारा; हाताची वीज तोडली तरी त्याचा आवाज चालू असे. संत्र्यांनी भरलेले दोन-दोन क्रेट तो वेताच्या टोपलीसारखे उचलायचा. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा होता. आत कधीकधी संत्री घरंगळत जात. ती वेचायला, झाडायला माणसाला आत शिरावं लागे.

दिवाकरराव ऋजुताचे वडील. मोठमोठ्या कारखान्यांत त्यांनी सुरक्षा अधिकारी (कामाच्या जागी कुणाला इजा होऊ नये हे पाहणारा माणूस) म्हणून उभा जन्म घालवला होता. निवृत्त झाल्यावर ते लेकीच्या कारखान्यात नव्या माणसांना शिकवत. त्यांनी पिंजऱ्याच्या दाराशी लाल कुलपं टांगली होती, प्रत्येकाचं वेगळं. आत जायचं तर स्वतःचं कुलूप खटक्याला लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दार उघडलं की लंबू भसाड्या आवाजात विचारायचा, "आत कोण? हवा सोडली का?" मग मोठ्याने उत्तर द्यायचं, "आत मी आहे," आणि पुढे आपलं पूर्ण नाव.

त्या दिवशीही लंबूने विचारलं. नागपूरहून आलेले दोन खरेदीदार दचकले आणि मग एकमेकांकडे बघून हसले.

दिवाकररावांनी कुलूप पुढे केलं. "आधी तू, ऋजू. लाव आणि सांग नाव."

"सर, आम्ही शाळेत आलोय की कारखान्यात?" एक पाहुणा म्हणाला.

ऋजुताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वडिलांच्या हातावर संत्र्याचा रस होता, गळ्यात शिट्टी होती, आणि शर्टाच्या खिशातून बॅटरीची वायर लोंबत होती.

"बाबा, पुरे आता. पाहुणे आहेत हे."

"पाहुण्यांना हाडं नसतात का?"

"बाबा!"

ती दार ढकलून तशीच आत गेली. पाहुणेही गेले. काही झालं नाही. दहापैकी नऊ वेळा काहीच होत नाही, म्हणून तर माणसं फसतात. बाहेर आल्यावर तिने नितीनला हळूच सांगितलं, "त्या लंबूचा प्रश्न बंद करून टाक. लोक हसतात." हळूच सांगितलं, पण वडील दोन पावलांवर उभे होते. फडक्याने फळी पुसत राहिले, बराच वेळ.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "पुढच्या आठवड्यात मेळघाटातून माणसं येणार ना? शेड मोकळी ठेव. दिवसभर लागेल मला."

"बाबा, यंदा फोनवर देणार आहोत प्रशिक्षण. छोटासा व्हिडिओ आहे. शेवटी 'समजलं' असं बटण असतं."

"ते बटण कुणाचं बोट दाबतंय, हे फोनला दिसतं का गं?"

ऋजुताने पडद्यावरून मान वर केली नाही. वरण आणखी वाढू का, एवढं मात्र विचारलं. त्यांनी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवाकरराव झोपेतच गेले.

त्यानंतर हंगाम आला. हंगाम कुणासाठी थांबत नाही. मेळघाटातली माणसं आली, कामाला लागली. ऋजुताच्या पडद्यावर सगळ्यांच्या नावापुढे हिरवी खूण आली: समजलं, समजलं, समजलं. तिला बरं वाटलं. वडिलांची फळी, पट्टी, पंप तिने कोठीत ठेवून दिले होते. त्या कोठीचं दार ती शक्यतो उघडत नसे.

एका दुपारी शाळेला सुट्टी म्हणून मिहिका कारखान्यात आली होती. ऋजुता तिला घेऊन शेडमधून चालली होती. अंजनी कास्देकर नावाची तरुण मुलगी लंबूच्या पिंजऱ्यात घरंगळलेली संत्री वेचत होती. तिने नीट खटका बंद केलेला होता. कुलूपही लावलेलं होतं. इतरांना लावताना तिने पाहिलं होतं. लंबूचा हात मात्र क्रेटसकट वरच होता.

अंजनी टोपली ठेवून कोपऱ्यातलं एक संत्रं घ्यायला वाकली. मिहिकाला तो आवाज ऐकू आला. सूंऽऽ.

"आई, हात खाली येतोय!"

"खटका बंद आहे, बाळा..."

"ताई! बाहेर! बाहेर ये!" मिहिका जाळीवर दोन्ही हात आपटत किंचाळली. अंजनी घाबरून दाराकडे झेपावली आणि तिच्यामागे तो भलामोठा हात दणकन खाली आला. क्रेट फुटले. टोपली पोळीसारखी सपाट झाली.

अंजनी टोपलीकडे बघत होती.

"चूक झाली जी, मॅडम," ती म्हणाली. "माझ्यानं टोपली मोडली."

ऋजुताला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिने अंजनीला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "तुझी काही चूक नाही. मला एक सांग, फोनवर दाखवलं होतं ना, हवा कशी सोडायची ते?"

अंजनीने नितीनकडे पाहिलं. नितीनने जमिनीकडे.

"मॅडम, खरं सांगू का?" नितीन म्हणाला, "त्याइच्यातल्या अर्ध्या लोकाइचे फोन चार्ज नव्हते. व्हिडिओ मराठीत, हे घरी बोलतात कोरकू. पोरी लाजत होत्या, गाडी खोळंबली होती. म्हटलं, कायले त्रास द्याचा त्याइले? मीच दाबून देल्लं सगळ्याइचं 'समजलं'."

त्याने ते मायेपोटी केलं होतं, हे ऋजुताला कळत होतं. पण त्याच्यावर रागावण्याचा हक्क आपल्याला नाही, हेही कळत होतं. हिरव्या खुणा बघून बरं वाटलं होतं ते तिलाच. तिने त्या दिवशी काम थांबवलं. सगळी यंत्रं, सगळी माणसं. नागपूरचे फोन वाजत राहिले. तिने उचलले नाहीत.

मिहिका मात्र लंबूसमोर उभी होती. "आई, याचा आवाज सुरू कर ना. मला विचारायचंय."

ऋजुताने आवाज सुरू केला. इतक्या दिवसांनी.

"लंबू, तू हात का खाली आणलास? वीज तर बंद होती!"

"मी आणला नाही," लंबू भसाड्या आवाजात म्हणाला. "तो आला. माझा हात थेट विजेने उचलला जात नाही. वीज फक्त पंप चालवते. पंप हवा दाबतो. दाबलेली हवा हात वर धरते. फुगा फुगवून तोंड घट्ट धरलंस, तर तू फुंकायची थांबल्यावरही हवा आतच राहते ना?"

"हो."

"आणि पकड सैल झाली की?"

"सूंऽऽ!" मिहिकाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे हवा हळूहळू निसटत होती! आणि हात जड आहे, म्हणून तो खाली आला. आजोबांची पट्टीपण तशीच पडली!"

"याला साठीव ऊर्जा (वापर होईपर्यंत वस्तूत दडून बसलेली काम करण्याची ताकद) म्हणतात. दाबलेल्या हवेत ती असते. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये असते. नुसतं उंचावर ठेवलेल्या क्रेटमध्येही असते. खटका बंद केला की नवी ऊर्जा येणं थांबतं. आधी आलेली मात्र आतच बसून राहते."

"मग काय करायचं?"

"आधी मला हात जमिनीवर टेकवायला सांगायचं. मग खटका बंद. मग स्वतःचं कुलूप, म्हणजे दुसरं कुणी चुकून मला सुरू करणार नाही. मग ही पिवळी तोटी उघडून उरलेली हवा सोडायची. शेवटी मला सुरू करायचं बटण एकदा दाबून बघायचं. मी हललो नाही, तरच आत यायचं."

"आणि नाव का सांगायचं असतं रे? तू नाव ऐकून थांबतोस?"

"नाही. मला थांबवतं ते कुलूप. मला डोळे नाहीत. आत माणूस आहे की टोपली, मला सारखंच. दिवाकरराव म्हणायचे, नाव बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून. आणि आत जाणाऱ्याला स्वतःची आठवण व्हावी म्हणून. ते म्हणायचे, घाईत माणूस पहिल्यांदा स्वतःलाच विसरतो."

ऋजुता पाठमोरी उभी राहून ऐकत होती. वडिलांचं हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. लंबूने ऐकलं होतं.

तिने कोठी उघडली. फळीवर संत्र्याचा वाळलेला एक ठिपका राहून गेला होता. तिने त्यावर बोट फिरवलं आणि फळी उचलून बाहेर आणली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या. ऋजुताने सुरुवातीलाच सांगितलं, "आजचा दिवस कामाचाच दिवस आहे, रोजच्यासारखाच. यंत्राला हात लावण्याआधी त्यातला धोका तुम्हाला शिकवायचा, तोही तुम्हाला कळेल अशा भाषेत, ही जबाबदारी मालकाची असते. मेहरबानी नव्हे, कायदा आहे तसा. तो मी पाळला नाही. अंजनी त्यातून वाचली, ती माझ्यामुळे नाही."

अंजनीने ते कोरकूत सांगितलं. शेवटचं वाक्य तिने गाळलं असावं, कारण सांगून झाल्यावर तिने ओशाळून ऋजुताकडे पाहिलं.

मग फळी आली, पंप आला, संत्रं आलं. मिहिकाने बॅटरी काढून खिशात टाकली. सूंऽऽ, धप्प! रस उडाला.

"पुन्हा माह्याच अंगावर!" नितीन ओरडला. मेळघाटातल्या पोरी पदराआड हसल्या, आणि मग हसता हसता त्यांना टोपली आठवली असावी, कारण सगळं शांत झालं. या वेळी 'समजलं'चं बटण नव्हतं. प्रत्येकाने उठून लंबूसमोर सगळं करून दाखवायचं, आणि का ते आपल्या शब्दांत सांगायचं. ज्याला जमलं नाही त्याने पुन्हा करायचं. नितीनला तीनदा करावं लागलं. तोटी तो दरवेळी विसरायचा.

"लंबूला कोरकू शिकवायला हवी," मिहिका अंजनीला म्हणाली. "तू सांग, मी भरते. पुढच्या हंगामात तो सगळ्यांना त्यांच्याच बोलीत विचारेल."

"आधी मराठीत तरी मला त्याने विचारू दे एकदा," अंजनी म्हणाली. मग अडखळत पुढे बोलली, "पण पहिलं कोण जाईल आत? कालपासून भीती वाटते जी."

सगळे ऋजुताकडे पाहू लागले.

दाराशी लाल कुलपांची ओळ होती. शेवटच्या कुलपावर तिचं नाव रंगवलेलं होतं, वडिलांच्या तिरप्या अक्षरात. एकदाही न वापरलेलं; किल्ली तशीच दोऱ्याने बांधलेली. तिने लंबूला हात टेकवायला सांगितलं. खटका पाडला. दोरा सोडून कुलूप लावलं. पिवळी तोटी उघडली. हवा सुटल्याचा आवाज येत राहिला, येत राहिला आणि थांबला. तिने सुरू करायचं बटण एकदा दाबून पाहिलं. लंबू हलला नाही. किल्ली तिने खिशात टाकली आणि दार उघडलं.

"आत कोण?" लंबूने विचारलं. "हवा सोडली का?"

त्या दिवशी असंच विचारलं होतं. त्या दिवशी बाबा इथंच, दोन पावलांवर उभे होते.

"सोडली," ऋजुता म्हणाली. मग तिने शेडच्या पार टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं,

"आत मी आहे. ऋजुता दिवाकर गावंडे."