तुम्ही बोला, मी ऐकतेय

सकाळच्या अपडेटनंतर तिचा कॉम्प्युटर एकदम मुका झाला. पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अर्ध्या शब्दावरच गप्प बसला. तिला दिसत नव्हतं. ती अनुवाद करायची, आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण प्रकाशकाला संध्याकाळपर्यंत हवं होतं.

तिने मदतकेंद्राला फोन लावला. पडद्यावरचा जोडणीचा आकडा वहिनीने वाचून दाखवला आणि पलीकडचा टेक्निशियन त्याच्या ऑफिसात बसून तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. आवाज तरुण होता. संथ, जरासा पाठ केल्यासारखा.

"पडद्यावर निळी चौकट दिसतेय का?"

"मला पडदाच दिसत नाही. तुम्हाला दिसली, तर मलाही सांगा."

"अरे… सॉरी हं."

मग नुसतीच माऊसची टिकटिक. तिला राहवेना.

"काय चाललंय?"

"सेटिंग बदलतोय."

"न सांगता? कुणी घरात शिरून कपाटं उघडावीत, तसं वाटतंय मला."

तो हसला. "बरं. आता डावीकडचं कपाट उघडू का?"

"उघडा. पसारा दिसला तर बोलायचं नाही."

"पसारा नाहीये. एका फायलीचं नाव मात्र 'रद्दी, पण टाकू नये' असं आहे…"

त्या तिच्या कविता होत्या. तिचे कान तापले. "हात लावायचा नाही तिला!"

"नाही लावला," तो म्हणाला. त्याचं हसू तिला स्पष्ट ऐकू आलं.

थोड्या वेळाने स्क्रीन रीडर बोलू लागला. प्रकरण वेळेत गेलं.

पुढे काही ना काही बिघडतच राहिलं. ती फोन करायची आणि त्यालाच फोन द्यायला सांगायची. एकदा तो म्हणाला, "काल मॉनिटर बंद करून, नुसतं ऐकून काम करून पाहिलं. चुकून साहेबांनाच मेल गेली."

"काय लिहिलं होतं?"

"जेवलात का?"

ती इतकी हसली की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दुरुस्तीवाले का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

मग एका दुपारी तिने स्क्रीन रीडरच्या वाचनाचा वेग कमी होत नसल्याची तक्रार केली.

"हे तर तुम्हाला स्वतःला करता येतं ना?"

"येतं," ती म्हणाली. "हे कॉल रेकॉर्ड होतात म्हणे. रेकॉर्ड न होणारा तुमचा आवाज ऐकायचाय मला. रविवारी, वाचनालयाच्या बागेत?"

तो हळूच म्हणाला, "मी… फोनवरच बरा आहे."

तिने फोन ठेवला. त्यानंतर केला नाही.

रविवारी मात्र ती बागेत गेली. "येणार नाहीच तो, पण मला काय, बाहेर तर पडायचंच होतं," असं वहिनीला सांगून. वहिनी तिला बाकावर बसवून पुस्तकं बदलायला आत गेली. वाऱ्याने पानं सळसळत होती. कुणीतरी आलं, थबकलं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलं. श्वास जोरात चालला होता.

"म-म-मी," तो म्हणाला, आणि अडला. "फोनवर वाक्यं ठ-ठरलेली असतात, जवळ कुणी न-नसतं… तिथे जमतं. समोर… असं होतं. तुम्हाला माझा आ-आवाज आवडला होता. म्हणून…"

"म्हणून येणार नव्हतात?"

"हो."

तिने चेहरा त्याच्याकडे वळवला. आठवडाभर साठलेला राग कुठे गेला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मग आलात कशाला?"

"सांगायला. तु-तुम्ही मला… आ… आ…"

शब्द तिला कळला होता. ओठांवर आलाही होता. पण तो त्याचा होता. तिने बाकावर चाचपत त्याचा हात शोधला, हातात घेतला आणि शांत बसून राहिली.

"…आवडता," तो म्हणाला.

"तुम्हीही," ती म्हणाली. "आता बोला. वहिनीला पुस्तकं निवडायला खूप वेळ लागतो."