पहिल्या बाकावरची जागा

मुलीच्या बाप्तिस्म्याच्या सकाळी पाळकांनी चर्चच्या खिडक्या स्वतःच उघडल्या. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. पाळकीणबाई बाळाला घेऊन पहिल्या बाकावर बसल्या, एकट्याच. मंडळी मागे बसली.

त्यांचा थोरला, चिमण, रक्तातूनच आजार घेऊन आला होता. आधी पाय गेले, मग हात, शेवटी श्वास. तो गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मार्ग सुचवला: गर्भ प्रयोगशाळेत वाढवायचे, तपासायचे आणि निरोगी असेल तो पोटात ठेवायचा. 'हा देवाच्या कामात हात घालणं झालं,' असं पाळक व्यासपीठावरून ठासून सांगत आले होते. पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी मान डोलावली. मुलगी झाली, अगदी धडधाकट. चिमणचाच आजार असलेले बाकीचे गर्भ गोठवून ठेवले होते. ते कालच, दोघांच्या संमतीनं, नष्ट केले गेले.

प्रयोगशाळेतून घरी येताना बाईंनी विचारलं, "आपला चिमण त्या तपासणीत असता, तर त्यालाही बाजूला काढलं असतं ना हो?"

"अगं, देवाच्या मनात..."

"देवाचं राहू द्या. तुमचं सांगा."

पाळक झपझप पुढे चालू लागले होते.

आता त्यांनी बाळाला हातावर घेतलं. बाळ रडलं नाही. मान वळवून आईच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलं आणि खुदकन हसलं.

"या बाळाचं नाव काय?" पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं. पाळकांनी दुसऱ्या हाताच्या तळव्यात पाणी घेतलं.

"आणि माझं?"

आवाज बारीक होता, धाप लागलेला. पाळकांनी वर पाहिलं. मंडळी डोळे मिटून प्रार्थनेत होती. भास असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी पुन्हा तळव्यात पाणी घेतलं.

"आणि आमचं?"

या वेळी आवाज एकट्याचा नव्हता.

तळव्यातलं पाणी सांडून गेलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. तिनं दुसऱ्या बाजूला ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि अलगद बाजूला सरकली.

बाकाचं लाकूड करकरलं.

ती आणखी थोडी सरकली.