दिसतंय का माझं बोट?

तपासणीला येणारी सगळी पोरं तिला रेघमावशी म्हणायची, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. औषधाच्या नळीत रक्ताचे थेंब टाकायचे, थोडा वेळ थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या पांढऱ्या कार्डासमोर धरायची, हे तिचं काम. नळीतून पलीकडच्या रेघा दिसल्या की पोरगं सुटलं. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या, तर रक्तात सिकलसेलचा दोष. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या. लहान मुलांमधल्या या आजारावरचं संशोधन तिच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं चाललं होतं. एवढा मोठा कारभार शेवटी चार रेघांवर येऊन टेकतो, याची तिला मनातल्या मनात गंमत वाटायची.

त्या दुपारी मात्र तिला गंमत वाटत नव्हती. बाहेरच्या बाकावर तिची सख्खी थोरली बहीण बसली होती आणि मांडीवर चार वर्षांची चिमणी. चिमणीचा भाऊ याच आजाराने गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून ताईने चिमणीच्या तपासणीचं नाव काढू दिलं नव्हतं. आज कशीबशी तयार झाली होती.

"तोंडाने काही सांगू नकोस गं," ताई म्हणाली. "वाईट असलं तर बाहेर येऊन नुसतं पाणी माग. मी समजेन."

"आणि चांगलं असलं तर?"

"तर चहा माग. ढीगभर करून पाजते."

चिमणीच्या बोटाला सुई टोचली, तेव्हा तिने जरासा ओठ काढला, पण रडली नाही. कापूस दाबून धरत आईजवळ गेली. रेघमावशीने दार लोटलं. खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता. फ्रिजची घरघर मध्येच थांबली, आणि खिडकीबाहेरचा रस्ताही एकाएकी गप्प झाल्यासारखा वाटला.

तिने नळी कार्डासमोर धरली. वरच्या रेघा दिसत होत्या, खालच्याही दिसत होत्या. मधल्या मात्र नव्हत्या.

भीती वाटायच्या आधी तिला नवल वाटलं. धंद्याचीच सवय ती. गढूळपणा असा एका जागी बसत नाही, सगळ्या नळीभर पसरतो. तिने नळी फिरवली. डाग होता तिथेच राहिला. कार्ड सरकवलं. तरी डाग हलला नाही. म्हणजे तो नळीतही नव्हता आणि कार्डावरही नव्हता. दोन्हींच्या मध्ये काहीतरी होतं. तिने नळीच्या मागे हात घातला. हाताला फक्त गारवा लागला.

ती आणखी जवळ वाकली. डागाला कड होती. नख होतं. नखाखाली सुईची खूण होती.

भाचा इथे यायचा तेव्हा त्याचा एक खेळ ठरलेला होता. त्याच्या गढूळ नळीमागे तो बोट धरायचा आणि विचारायचा, "मावशी, दिसतंय का माझं बोट?" ती म्हणायची, "नाही बुवा!" मग तो खिदळायचा, "म्हणजे मी गायब!" त्या नळीतून त्याचं बोट कधीच दिसलं नव्हतं. दिसावं म्हणून तिने किती जीव टाकला होता, ते तिचं तिलाच ठाऊक.

आज दिसत होतं.

"दिसतंय रे..." ती पुटपुटली. "स्वच्छ दिसतंय, राजा..."

बोट हळूच मागे झालं. एकामागून एक सगळ्या रेघा मोकळ्या झाल्या.

डोळे पुसून तिने दुसरी नळी लावली. तिच्यातूनही रेघा लख्ख दिसल्या. चिमणी सुटली होती. फ्रिज पुन्हा घरघरू लागला, आणि आपल्याला भास झाला अशी तिने मनाची समजूत घातली. कार्ड जागेवर ठेवायला उचललं, तर मागच्या बाजूला ओलसर लागलं. रक्ताचा इवलासा ठसा होता. अजून वाळला नव्हता.

तिला राहवलं नाही. ठशाला काच टेकवून तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आधी शेजारी लावलेली चिमणीच्या रक्ताची काच पाहिली: गोल, गरगरीत पेशी. मग ही पाहिली. सगळे विळे होते, आणि ती बघत असतानाच आणखी वाकत होते.

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग चेहरा सारखा करून बाहेर आली.

"ताई... चहा टाक."

ताईने तोंडाला पदर लावला आणि तिथेच हमसून हमसून रडायला लागली. चिमणी मांडीवरून उतरली. आपल्या बोटावरचा कापूस तिने काढून पाहिला. तो कोरडा झाला होता. मग मावशीच्या पाठीमागे, त्या रिकाम्या खोलीकडे बघत ती म्हणाली, "मावशी, दादाला पण कापूस दे ना. त्याचं थांबतच नाहीये."