तिसरा पंप

बागेतले तिन्ही पंप त्या सकाळी एकदम रुसले आणि खंडूचं निदान तिन्हींना एकच होतं, ‘पंप बिघडला.’ खंडू हा आप्पांचा यंत्रमानव. ताकद बैलाची, पण बोलण्यात भारी कंजूष. आप्पांचा उभा जन्म कृत्रिम हृदयं बनवण्यात गेलेला. निवृत्त होऊन कोकणात सुपारीची बाग केली, तरी त्यांना पंपातही हृदयच दिसायचं.

“बिघडला म्हणजे नेमकं काय झालं, ते शोध,” त्यांनी नातीला, मैथिलीला, फर्मावलं.

पहिला पंप चालू होता, पण जुना. पाणी जेमतेम निम्म्या झाडांना पोचत होतं. हे हार्ट फेल्युअर (हृदय चालतं, पण जोर कमी पडतो), आप्पा म्हणाले. धाप लागते, पाय सुजतात, पण औषधं घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. दुसऱ्याची मोटर धडधाकट, पण विजेचा ताल चुकल्याने तो जागीच थरथरत होता. पाणी थेंबभरही नाही. हा कार्डिॲक अरेस्ट (हृदयाची वीज बिघडून रक्त फिरणंच थांबणं). माणूस कोसळतो, श्वास थांबतो. अशा वेळी मदत बोलवायची, छाती दाबत राहायची आणि यंत्राने विजेचा झटका द्यायचा.

तिसरा पाणी देत होता, पण हात लावता येणार नाही इतका तापला होता. त्याला थंड ठेवणारी बारीक नळी शेवाळाने तुंबली होती. हा हार्ट अटॅक (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी बंद होणं).

“सगळ्या बागेला पाणी देतो आणि स्वतः कोरडा,” आप्पा म्हणाले. “नळी लवकर मोकळी केली तर वाचेल. नाहीतर करपेल, दुसऱ्यासारखा अचानक थांबेलसुद्धा.”

नळी साफ करता करता आप्पाच झाडाखाली बसले. कपाळावर घाम, छातीवर मूठ. डावा हात भरून आलाय म्हणाले आणि वर, गॅस झालाय, ओवा आण. खंडू बरणी आणायला निघालाही. आप्पाच म्हणतात म्हणजे गॅसच असेल, असं मैथिलीला वाटलं, कारण तिला ते तसंच हवं होतं. मग तिची नजर तिसऱ्या पंपावर गेली.

“खंडू, ओवा राहू दे. उडती रुग्णवाहिका बोलव. सांग, हार्ट अटॅक वाटतोय, शुद्धीत आहेत, श्वास चालू आहे. आणि झटक्याचं यंत्र इथे आणून ठेव.”

आप्पा कुरकुरले. तिने त्यांना हलू दिलं नाही. सुदैवाने यंत्राची गरज पडली नाही आणि रुग्णालयात त्यांची तुंबलेली नळी वेळेत मोकळी झाली.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, “दुसऱ्या कुणाचं हृदय असतं, तर मी ओवा मागितला नसता गं.”

आता दोघं मिळून एक इवलासा यंत्रमानव बनवताहेत. रक्तात पोहत जाऊन तो नळी तुंबण्याआधीच साफ करेल. अजून तो पेल्यातल्या पाण्यातही बुडतो, पण मैथिलीने हार मानलेली नाही. खंडूही सुधारलाय. परवा जेवणानंतर आप्पांनी छातीवर हात ठेवून ढेकर दिली, तसा तो समोर येऊन उभा राहिला.

“आप्पा,” त्याने विचारलं, “ओवा, की तिसरा पंप?”